मारलं तरी ऐकत नाही, मग करायचं काय?

"मॅडम, मारलं तरी ऐकत नाही. निगरगट्ट झालाय अगदी." समुपदेशनाला येणाऱ्या पालकांकडून ही तक्रार मी कायम ऐकते. ओमची आईही (नाव आणि तपशील बदलले आहेत) हेच सांगत होती. ओम पहिलीत. जेवताना मोबाइल हवाच. नाही दिला की ताट ढकलायचं, जमिनीवर लोळायचं, शेजारचे दार उघडून बघतील इतकं किंचाळायचं.

मी त्यांना एका वहीत रोज तीन गोष्टी लिहायला सांगितल्या: आधी काय घडलं, ओमने काय केलं आणि त्यानंतर लगेच काय झालं. त्यातली एक नोंद अशी होती: "८.१० ताट वाढलं. मोबाइल मागितला, नाही म्हटलं. रडारड. ८.२० ताट ढकललं. पाठीत धपाटा घातला. जास्तच रडला. ८.३० सासूबाई म्हणाल्या, उपाशी झोपेल पोर. मोबाइल दिला. गप्प बसून जेवला."

आईचं सगळं लक्ष धपाट्यावर होतं. मी बोट ठेवलं ते ८.३० वर. ओमच्या दृष्टीने धपाटा हा वाटेतला त्रास. शेवटी मोबाइल मिळतोच. ज्या वागण्यानंतर हवं ते मिळतं, ते वागणं पक्कं होत जातं. मानसशास्त्रात याला प्रबलन म्हणतात. ते दर वेळी मिळावं लागतं असंही नाही. उलट अधूनमधून मिळालं तर सवय जास्त चिवट होते. त्यांच्याच घरात याचं उदाहरण होतं. आजोबा कधीतरी कुत्र्याला आपल्या ताटातला पोळीचा तुकडा टाकायचे, बाकीचे त्याला हाकलायचे. कुत्रा मात्र रोज जेवणाच्या वेळी पायाशी हजर!

आणि एकटा ओमच शिकत नव्हता. मोबाइल दिला की किंचाळणं थांबायचं, घर शांत व्हायचं. त्रास थांबतो म्हणून एखादं वागणं बळावतं, ते नकारात्मक प्रबलन. बरेच जण यालाच शिक्षा समजतात, पण शिक्षेने वागणं कमी होतं आणि इथे मोठ्यांचं मोबाइल देणं वाढत होतं. धपाट्याचंही तसंच. कधीकधी ओम दचकून क्षणभर गप्प व्हायचा आणि तेवढ्यामुळे पुढच्या वेळी आईचा हात आणखी लवकर उठायचा. दिवसभर राबून दमलेल्या बाईला यासाठी दोषी धरणं मला मुळीच पटत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३८ साली उंदरांवरचा एक प्रयोग मांडला होता. दांडी दाबली की खाणं मिळतं, हे उंदीर शिकले होते. मग खाणं बंद केलं आणि काही उंदरांना सुरुवातीला दांडी दाबल्यावर पंजावर फटकाही बसू लागला. त्यांनी दांडी दाबणं लगेच कमी केलं. पण फटके थांबल्यावर ते पुन्हा दाबू लागले आणि शेवटी न मारलेल्या उंदरांइतकंच दाबून झालं. फटक्याने वागणं काही काळ दबलं, पुसलं गेलं नाही. मुलांच्या बाबतीत तर भीती आणि लपवाछपवी यांची भर पडते.

ओमच्या घरी ठरलं ते असं: जेवताना कुणाचाच मोबाइल बाहेर नाही, बाबांचासुद्धा. रडला तर मारायचं नाही, समजावत बसायचं नाही आणि मोबाइलही द्यायचा नाही. तो स्वतःहून घास घेईल तेव्हा लगेच त्याच्याशी बोलायचं, शाळेतली गंमत विचारायची. नुसतं 'शहाणा मुलगा' म्हणण्यापेक्षा "भाजी आपल्या हाताने खाल्लीस, मला आवडलं" असं नेमकं सांगायचं. सुरुवातीला रडणं वाढेल, हे मी आधीच बजावलं होतं. नेहमीचं मिळेनासं झालं की माणूस काय, प्राणी काय, आधी जोर वाढवतो. नेमक्या त्याच वेळी घर हार मानतं आणि मग मूल आणखी मोठ्याने रडायला शिकतं. म्हणून आजीलाही एकदा बोलावून घेतलं. ओमचं वजन ठीक आहे आणि एखाद्या रात्री दोन घास कमी गेले तरी चालेल, हे त्यांच्या डॉक्टरांकडून ऐकल्यावरच त्या तयार झाल्या.

रडणं वाढलं, मग हळूहळू ओसरलं. आता ओम जेवताना बडबड करतो, म्हणून जेवायला वेळ लागतो. पाहुणे आले की अजूनही मोबाइल मागून बघतो, कारण चारचौघांत आई एकदा विरघळली होती. सध्या आमचं काम त्यावर चालू आहे.