रत्नागिरीतल्या बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरचा ड्राईव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) रात्री ट्रिप झाला, म्हणजे फॉल्टमुळे आपोआप बंद पडला, फॉल्ट हिस्ट्रीत तारीख नाही, नुसते आकडे दिसतात. नक्की वेळ कशी काढायची?

ते आकडे म्हणजे ड्राईव्हचा स्वतःचा तासांचा काउंटर आहे, तेव्हा फॉल्टचा आकडा आत्ताच्या आकड्यातून वजा करा आणि तेवढं घड्याळ मागे न्या. बऱ्याच ड्राईव्हमध्ये बॅटरीवालं घड्याळ नसतंच, म्हणून ट्रिप झाला की फॉल्ट कोडसोबत तो काउंटर साठवतात, उदा. सीमेन्स जी१२० मध्ये फॉल्टच्या वेळेचे दिवस आर२१३० या पॅरामीटरला, मिलिसेकंद आर०९४८ ला आणि आत्ताचा एकूण रनटाइम आर२११४ ला, मॅन्युअलमध्ये सगळं आहे. डॅनफॉसच्या एफसी १०२ ड्राईव्हला तारीख-वेळ दिसते खरी, पण बॅकअप मॉड्यूल नसेल तर वीज गेली की घड्याळ परत १ जानेवारी २००० वर जातं, त्यामुळे जुनी तारीख दिसली तर विश्वास ठेवू नका.

फक्त एक, हा काउंटर सप्लाय असेपर्यंतच चालतो. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट जाते-येते, तो बंद काळ हिशोबात वेगळा धरावा लागतो, नाहीतर रात्री दोनचा ट्रिप पहाटे पाचचा वाटेल आणि चुकीच्या शिफ्टला विचारत बसाल. म्हणून लॉगबुकात लाईट गेली-आली लिहायला सांगाच. आणि हिस्ट्रीत मोजकेच फॉल्ट राहतात, रिसेट मारत राहिलात तर पहिला, खरा फॉल्ट खाली सरकून पुसला जातो, तेव्हा आधी

- फॉल्ट कोड आणि काउंटर
- ट्रिपच्या क्षणाचा करंट, डीसी बस व्होल्टेज (ड्राईव्हच्या आतलं डीसी व्होल्टेज), फ्रिक्वेन्सी (ड्राईव्ह दाखवत असेल तर)

यांचे मोबाईलवर फोटो काढा, मगच रिसेट.