आदेशाची प्रत मागा, आणि ती लेखी मागा

प्रश्न : आम्ही कोपरखैरण्याला राहतो. पती तुर्भ्याच्या मार्केटात रात्रपाळीला असतात आणि मी पहाटेपासून घरकामाला जाते. पाच वर्षांच्या मुलाचा हात गरम पाण्याने भाजला तेव्हा घरात फक्त नऊ वर्षांची मुलगी होती. कोणीतरी १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर कळवले आणि दोन्ही मुलांना बालगृहात नेले. दोन आठवडे झाले, तरी आमच्या हातात एकही कागद नाही. मुलांचे पुढे काय करायचे ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे वकील चालत नाही असे सांगतात आणि एका कागदावर सही मागतात. आमची मुले दत्तक देतील का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण आपली झोप त्यानेच उडवली असणार. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ३८ नुसार अनाथ, सोडून दिलेले किंवा आईवडिलांनी स्वतः समितीकडे सोपवलेले मूल चौकशीनंतर दत्तकासाठी मोकळे जाहीर करता येते. मुले परत मागत असलेले आईवडील या वर्णनात बसत नाहीत. म्हणूनच त्या सहीच्या कागदाला फार महत्त्व आहे. तो मूल सोपवण्याचा, म्हणजे समर्पणाचा कागद असेल तर त्यावर सही करू नका. कोणताही कागद वकिलाने वाचल्याशिवाय सही करू नका. सही आधीच झाली असेल, तर कलम ३५ प्रमाणे समर्पणाचा फेरविचार करण्यास दोन महिने मिळतात आणि त्या मुदतीत आपला निर्णय समितीला लेखी कळवता येतो. बालगृहात भेटीची परवानगी मिळेल त्या प्रत्येक दिवशी जा आणि नोंदवहीत आपले नाव लिहिले गेले की नाही ते पाहा, कारण आईवडील फिरकलेच नाहीत असे पुढे कोणी म्हटले तर तीच नोंद उपयोगी पडते.

मुलांना घरातून हलवल्यापासून, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत त्यांना बाल कल्याण समितीपुढे हजर करणे कलम ३१ प्रमाणे बंधनकारक आहे. मुलांना बालगृहात ठेवायचे तर त्यासाठी समितीचा आदेश लागतो. पोलिसांचे किंवा एखाद्या संस्थेचे तोंडी सांगणे त्यासाठी पुरेसे नाही. कलम ३६ नुसार सामाजिक तपासणी, म्हणजे घरच्या परिस्थितीची चौकशी, पंधरा दिवसांत पुरी व्हावी आणि मुले पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत समितीला अंतिम आदेश देता यावा, अशी कालमर्यादा आहे. त्या अंतिम निर्णयाच्या वेळी किमान तीन सदस्य हजर असावे लागतात. याच अधिनियमाच्या कलम ३ मध्ये नैसर्गिक न्याय, म्हणजे आपले म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा अधिकार, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, ही दोन्ही तत्त्वे लिहिलेली आहेत. तेव्हा उद्याच मुलांना हजर केल्याच्या दिवसाच्या नोंदीची, आदेशाची आणि तपासणी अहवालाची प्रत मागणारा अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच शिक्का घ्या. प्रत नाकारली गेली, तर नकारही लेखी मागा. कोपरखैरणे ठाणे जिल्ह्यात येते, त्यामुळे अर्ज ठाणे जिल्ह्याच्या समितीकडे जाईल. खारघर किंवा कामोठ्याचे पालक असते, तर त्यांना रायगडच्या समितीकडे जावे लागले असते.

वकील चालत नाही, हे म्हणणे मला मान्य नाही. समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, अधिनियमात वकिलाला मनाई करणारी तरतूद मला दिसत नाही, आणि पुरावा घेण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीपुढे काम करण्याचा हक्क अधिवक्ता अधिनियम, १९६१ चे कलम ३० वकिलाला देते. समितीचे कामकाज मुलाभोवतीचे आहे, दोन पक्षांच्या भांडणाचे नाही, म्हणून वकिलाने तेथे आवाज चढवू नये, एवढे मात्र खरे. फीची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्री म्हणून आपल्याला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, ठाणे येथे अर्ज करा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपण मुलांवर किती प्रेम करता यावर निर्णय होत नाही. मुले घरी सुरक्षित राहतील का, यावर होतो, आणि ते ठरते सामाजिक तपासणी अहवालातून. गरिबी हा आपला दोष नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी कोणाची मुले हिरावली जाऊ नयेत असे मला मनापासून वाटते. पण पाच वर्षांचे मूल नऊ वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर होते, हे तपासणीस आलेली व्यक्ती विचारणारच. तेव्हा पुढची सोय कागदावर दाखवा : पहाटे मुलांजवळ कोण थांबेल, गावाहून आजी येणार असतील तर त्यांचे लेखी म्हणणे, पतीची पाळी बदलता येत असल्यास मालकाचे पत्र, पाळणाघरात जागा मिळाली असेल तर तिची पावती. भाजल्यावर मुलाला दवाखान्यात केव्हा नेले, त्याचे केसपेपर आणि दोघांच्या शाळा-अंगणवाडीच्या हजेरीची नोंद सोबत जोडा. मुलांना देखरेखीच्या अटीवर घरी पाठवण्याचा अधिकार समितीला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३७ ने दिला आहे. अर्जात तीच मागणी स्पष्ट शब्दांत करा. माझ्या मते घरी भेट द्यायला येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी दार मोकळेपणाने उघडणे, हेच आपल्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे ठरेल.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला असेल, तर समितीला लेखी म्हणणे देण्याआधी वकिलाला दाखवा, कारण स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही. मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर किंवा स्थानिक वाहिनीवर देऊ नका. कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे आणि तो आईवडिलांच्या हातूनही घडू शकतो.

समितीच्या आदेशाविरुद्ध कलम १०१ खाली आदेशाच्या तारखेपासून तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. पुरेसे कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो. समितीच्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर ती जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करता येते. मुलांना समितीपुढे नेलेच नाही किंवा आदेशच अस्तित्वात नाही असे निघाले, तर मुंबई उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली बंदीप्रत्यक्षीकरणाची याचिका, म्हणजे बेकायदा अडकवून ठेवलेल्याला न्यायालयापुढे आणा अशी मागणी, हा मार्ग आहे. आदेश असेल, तर सहसा आधी अपीलच करावे लागते. आदेश मुले नेली त्याच सुमारास झाला असेल, तर त्या तीस दिवसांपैकी निम्मे जवळजवळ संपले आहेत, म्हणून प्रतीचा अर्ज आणि मोफत वकिलाचा अर्ज एकाच दिवशी द्या.