सूरह तोंडपाठ, तरी मोबाइलवर असं का?

"रोज मगरिबनंतर (संध्याकाळच्या नमाजनंतर) मकतबला (कुराण शिकवणाऱ्या वर्गाला) पाठवतो, नमाज चुकवत नाही, तरी मोबाइलवर पोरगा असा कसा वागतो?" कोकणातल्या बऱ्याच अम्मी हा प्रश्न माझ्याकडे घेऊन येतात. त्यातलीच ही एक हकिगत, ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगा नववीतला. वर्गातल्या एका अडखळत बोलणाऱ्या मुलाचा व्हिडिओ त्याने इन्स्टाग्रामवर बनावट खात्यावरून टाकला, वर टोपणनावही ठेवलं. त्या मुलाने शाळेत येणं सोडलं. अम्मीला हे कळलं ते रात्री चोरून फोन चाळताना. "काढूनच घेऊ का फोन, मॅडम?"

मी मुलाशी एकट्याशी बोलले. सूरह हुजुरात, म्हणजे कुराणातल्या एका अध्यायाची ११वी आयत (ओळ) म्हण म्हटलं, तर त्याने घडाघडा म्हटली. अर्थ विचारल्यावर गप्प. मग मराठी तर्जुमा (अनुवाद) पुढे ठेवला: कुणी कुणाची टर उडवू नये, वाईट टोपणनावांनी हाक मारू नये. वाचता वाचता तो अडला. "पण ते नुसतं मीम होतं..." "त्याच्या तोंडावर म्हणाला असतास?" त्याने मान हलवली, नाही.

माझ्या मते अशा घरांत तालीम (धार्मिक शिक्षण) कमी नसते. पाठ केलेलं आणि रोजचं वागणं यांची गाठ कुणी घालून देत नाही. याच सूरहची ६वी आयत सांगते, बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली की आधी खातरजमा करा. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करण्याआधी मुलांना आठवायला हवी ती हीच.

अम्मीला मी १२वी आयत दाखवली, एकमेकांवर पाळत ठेवू नका. त्या दुखावल्या. "आईने बघायचंच नाही?" बघावं, पण सांगून. रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत, आईवडिलांचेसुद्धा, खातं खासगी आणि अनोळखी मेसेज आला तर घरात सांगायचं, असं ठरलं. कुणी फोटोवरून धमकावत असेल तर मात्र वाट न बघता १९३० (सायबर गुन्हे हेल्पलाइन) किंवा १०९८ (चाइल्डलाइन) वर फोन करा.

सर्वांत मोठं काम मकतबच्या उस्तादांनी केलं. ते मुलाला म्हणाले, "हा बंद्याचा हक्क आहे, माणसाचं माणसाकडे असलेलं देणं. नुसत्या नमाजेने फिटणार नाही, त्याच्याकडेच माफी मागावी लागेल." अब्बांना घेऊन तो त्या घरी गेला. माफी मिळाली नाही. तरी त्याने खातं बंद केलं आणि ज्यांनी व्हिडिओ साठवला होता त्या प्रत्येकाला तो काढायला सांगितलं. दोघांनी ऐकलं नाही. त्यांच्याशी वर्गशिक्षक बोलत आहेत, आणि त्या दुसऱ्या मुलाचं समुपदेशनही सुरू झालं आहे.