वाचकांचे प्रश्न : एका दिवसापुरता वर्ग

प्रश्न : बी.एड. झाले आहे. शेजारच्या गावच्या हायस्कूलमधले गणिताचे सर सोमवारी रजेवर आहेत. ‘एक दिवस येता का?’ असा मुख्याध्यापकांचा रविवारी संध्याकाळी फोन आला, तर काय विचारून घ्यावे आणि पिशवीत काय असावे? (कोरेगाव, जि. सातारा)

उत्तर : फोन ठेवण्याआधी इयत्ता आणि तुकड्या, प्रत्येक तुकडीचा पट, कुठला तास कितव्या टोलला आणि धडा कुठवर आला एवढे विचाराच. पर्यवेक्षक कोण आणि ते कुठे बसतात, हे विचारायचे मात्र हमखास राहून जाते. नेमकी त्यांचीच गरज तिसऱ्या तासाला पडते.

सरांची टाचणवही (रोज काय शिकवायचे याची वही) मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर वर्गात गेल्यावर मधल्या बाकावरच्या मुलाची वही बघा, शेवटची तारीख आणि शेवटचे गणित. पहिल्या बाकावरची वही बघू नका. त्या मुलाचा क्लास बहुतेक दोन धडे पुढे गेलेला असतो. नवा धडा सुरू करण्याच्या मोहात पडू नका. मंगळवारी सर तोच पुन्हा घेतील, मुले ‘हे झालंय’ म्हणतील आणि अर्धवट समजलेले तसेच राहील. झालेल्या भागाची उजळणी घ्या. त्यासाठीचे बालभारतीचे पुस्तक ई-बालभारतीवर फुकट मिळते.

पिशवीत पाच-सहा अख्खे खडू आणि एक रंगीत असू द्या, कारण वर्गात बहुधा बोटभर तुकडेच सापडतात. सोबत लाल पेन, मनगटी घड्याळ (वेळ बघायला मोबाईल काढलात की मुलांचे लक्ष तिकडेच), पाण्याची बाटली आणि डबा. मुलांना आपापली नावे लिहायला ए-फोरचे 15 कागद चौघडी घालून फाडा, 60 चिठ्ठ्या होतात. परिपाठाच्या अर्धा तास आधी शाळेत पोचा. एसटीने जाणार असाल तर वेळेवर पोचवणाऱ्या गाडीच्या आधीची गाडी धरा.

प्रश्न : मी मराठी शिकवते, पण आठवीच्या वर्गावर गणिताच्या बदली तासाला पाठवतात. आत पाऊल टाकताच ‘मॅडम, पी.टी.!’ सुरू होते. दहा मिनिटांत शेजारच्या वर्गातून तक्रार येते. (पलूस, जि. सांगली)

उत्तर : गोंधळाचे बी पहिल्या दोन मिनिटांत पडते. बाई येतात, खुर्चीत बसतात, आपल्या तपासायच्या वह्या उघडतात. हा तास ‘खरा’ नाही हे मुलांनी ओळखलेले असते. आत गेल्यावर बोलण्याआधी फळ्यावर तारीख आणि एक प्रश्न लिहा, मग वर्गाकडे वळा. चिठ्ठ्या वाटा, प्रत्येकाने नाव लिहून बाकाच्या कडेला उभी घडी करून ठेवायची. ‘ए, निळा शर्ट’ म्हणून भागत नाही, गणवेशात सगळ्यांचाच शर्ट निळा. हजेरी पहिल्या तासाला झालेली असते, पण डोकी मोजा. कॅटलॉगमध्ये हजर 51 आणि वर्गात 49 असतील तर लगेच पर्यवेक्षकांना कळवा, तास संपल्यावर नको. बोलणाऱ्यांची नावे मॉनिटरला फळ्यावर लिहायला लावू नका. यादी तुमची, भांडण त्याचे. शाळा सुटल्यावर गेटबाहेर तो एकटा सापडतो.

गणिताचा तास आहे तर गणितच द्या, आणि ते तुमच्या तालुक्यातल्या मुलांना घरी बघायला मिळणारे असू द्या. एक गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1,089 चौरस फूट. चौकोन फळ्यावर काढा आणि विचारा : साडेचार फुटी सरी सोडली तर किती सऱ्या बसतील? 7 बसतात, दीड फूट उरतो. सरीत दीड फुटावर एक याप्रमाणे उसाची रोपे लावली, तर 33 फुटांत 22. म्हणजे गुंठ्याला 154, आणि 40 गुंठ्यांच्या एकराला 6,160. इथवर वर्ग पोचला की दुसरी वाट दाखवा. एकर 43,560 चौरस फुटांचा, एका रोपाला साडेचार गुणिले दीड म्हणजे पावणेसात चौरस फूट. भागाकार करा, 6,453 येतात. मग 293 रोपे गेली कुठे? उत्तर लगेच सांगू नका. प्रत्येक गुंठ्यात दीड फुटाची पट्टी रिकामी राहिली, हे ‘गणितात कच्चा’ समजला जाणारा, पण घरी सरी सोडताना पाहिलेला मुलगाच बहुतेक आधी ओळखतो. वीस मिनिटे यातच जातात. ज्यांचे आधी होईल त्यांना सरी पाच फुटी करून बघायला सांगा.

गणित नकोच वाटले तर कृष्णा काढा. महाबळेश्वर, वाई, संगम माहुलीला वेण्णा, कराडला कोयना, पुढे ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा, नृसिंहवाडीला पंचगंगा. नदीची रेघ तुम्ही ओढायची, गावे मुलांनी येऊन मांडायची, आणि ज्याचे आजोळ ज्या काठी त्याने तिथल्या घाटावर दहा ओळी लिहायच्या. हा मराठीचाच तास झाला, पण कुरकुर होत नाही.

टोलच्या पाच मिनिटे आधी लिहिणे थांबवा आणि चिठ्ठ्या गोळा करा. टोल पडल्यावर गोळा करायला गेलात तर अर्ध्या चिठ्ठ्यांची विमाने होतात.

प्रश्न : द्विशिक्षकी शाळा आहे, पहिली ते चौथी, हजर 28. सोबतचे गुरुजी प्रशिक्षणाला गेले की चारही वर्ग माझ्यावर. (पाटण, जि. सातारा)

उत्तर : सगळ्यांना एका खोलीत घ्या, दुसऱ्या खोलीला कुलूप लावा. चारही वर्गांना एकाच वेळी बोलके काम देऊ नका : दोन वर्ग लिहितील तेव्हाच दोन बोलतील, वीस मिनिटांनी पालट. पहिली तुमच्याजवळ, कारण एकट्याने दहा मिनिटांहून जास्त ती टिकत नाही. चौथीने पहिलीला वाचून दाखवावे, दटावू मात्र नये. पोषण आहाराचा आकडा परिपाठानंतर लगेच मदतनीस ताईंना द्या. या वर्गांना मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, म्हणजे 28 जणांना 2 किलो 800 ग्रॅम. वाढण्याआधी चव तुम्ही घ्यायची, हे अशा दिवशी घाईत विसरते.

प्रश्न : परक्या वर्गात मुले ऐकत नाहीत तेव्हा उठाबशा काढायला लावाव्यात का? आणि मध्येच कुणी पाल्याला न्यायला आले तर? (मिरज)

उत्तर : नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले आहेत. बदलीवर आलेल्यालाही ते तेवढेच लागू. मुलाची जागा बदला, जवळ जाऊन हळू आवाजात सांगा, तरी नाही ऐकले तर पर्यवेक्षकांकडे निरोप पाठवा. न्यायला आलेला माणूस ‘मी त्याचा काका’ म्हणाला तरी दारातून मूल सोडू नका. त्याला कार्यालयात पाठवा, तिथे सही होऊ द्या आणि शिपायाने निरोप आणला की मगच दप्तर भरायला सांगा.

दिवस संपल्यावर रजेवरच्या शिक्षकांच्या टेबलावर एक कागद ठेवा : कुठल्या तुकडीत काय घेतले, कोणते उदाहरण अर्धे राहिले, कोण मध्येच घरी गेले, कुणाला लागले आणि काय उपचार केले. आठ-दहा ओळी पुरतात. ‘मुले फार दंगा करतात’ एवढेच लिहू नका, ते त्यांना माहीत असते.