मोडलेल्या निश्चयानंतर प्रभुभोजनाला यावे का?

मागच्या प्रभुभोजनाच्या (ख्रिस्ताच्या मरणाच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या) वेळी केलेला निश्चय टिकला नाही, तेव्हा पुन्हा देवाशी करार करून तोही मोडण्यापेक्षा मेजापासून दूर राहिलेले बरे, असे आपण लिहिले आहे. याच विचाराने मीही दीर्घकाळ दूर राहिलो होतो, म्हणून हे उत्तर. मी पाळक नाही. आपल्यावर मंडळीची शिस्तभंगाची कारवाई चालू असेल, तर पुढचे लागू धरू नये.

प्रभुभोजन म्हणजे देवाशी असलेल्या कराराचे नूतनीकरण, असे म्हटले की आपल्याला भाडेकरार आठवतो: मुदत संपली, अटी पाळल्या असतील तर पुढे चालू. कृपेच्या कराराला अशी मुदत नसते. देव आपल्या वचनावर पुन्हा शिक्का उमटवतो आणि आपले समर्पण हा त्याला दिलेला प्रतिसाद असतो. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचे विश्वासविधान असलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराच्या २९व्या अध्यायाच्या आरंभी प्रभुभोजनाचे हेतू सांगताना ख्रिस्ताच्या अर्पणाचे स्मरण, त्याच्या लाभांवर शिक्कामोर्तब आणि आत्मिक पोषण हे आधी येते, आपल्या कर्तव्यांची बांधिलकी त्यानंतर. सीनायजवळ लोकांनी आज्ञापालनाचे वचन दिल्यावर मोशेने कराराचे रक्त शिंपडले (निर्गम २४). येशूच्या शेवटच्या भोजनाच्या वेळी माडीवरच्या खोलीत मात्र त्याच रात्री पळून जाणाऱ्या शिष्यांच्या हाती, कसलीही शपथ न घालता, नव्या कराराचा प्याला दिला गेला.

माझे सर्वांत मोठे नुकसान एका वडीलमंडळाने (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांच्या सभेने) केले. कोणत्या, ते सांगत नाही. मी शंका बोलून दाखवताच "आधी स्वतःला सुधारा, मग या" एवढे ऐकवून त्यांनी विषय संपवला आणि पुढे माझी गैरहजेरी मात्र न चुकता नोंदवली. वेस्टमिन्स्टरच्याच मोठ्या प्रश्नोत्तरावलीचा (प्रश्नोत्तररूपाने विश्वास शिकवणाऱ्या पुस्तकाचा) १७२वा प्रश्न नेमका अशा माणसाविषयी आहे: ज्याला आपण ख्रिस्ताचे आहोत याची खात्री वाटत नाही, पण ज्याला त्याची ओढ आहे आणि पाप सोडावेसे वाटते, त्याने आपल्या अविश्वासाबद्दल शोक करावा आणि यावे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. रोखायचे कोणाला, हे १७३व्या प्रश्नात वेगळे सांगितले आहे: अज्ञानी आणि निंद्य आचरणाचे. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळणाऱ्या वडिलांनी मेजाची राखण करू नये, असे माझे कठोर मत आहे. पौलसुद्धा करिंथकरांना आत्मपरीक्षा करून परत जा असे सांगत नाही. परीक्षा करावी आणि मग खावे, असे सांगतो.

आपण १७२वा प्रश्न घेऊन एखाद्या वडिलांना प्रत्यक्ष भेटावे. तरीही मनाई झाली, तर कारण लेखी मागावे. प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत वडीलमंडळाच्या निर्णयावर प्रेस्बिटरीकडे (अनेक मंडळ्यांवरच्या वरिष्ठ सभेकडे) दाद मागता येते.