आहार नियंत्रणात असताना गोड पिण्याची इच्छा झाली, तर उसाचा रस किंवा कोल्ड्रिंकऐवजी काय प्यावे?

साखर न घातलेले पातळ ताक हा सर्वांत सोयीचा पर्याय आहे. तीन-चार चमचे दही, पेलाभर पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि ठेचलेले आले एवढ्यावर ते होते, आणि त्यात कर्बोदके साधारण 3 ग्रॅमच येतात. उलट 300 मिली कोलामध्ये सुमारे 32 ग्रॅम साखर असते आणि रसवंतीवरचा ग्लासही त्याहून फारसा मागे नसतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेल्यावर गोडाची वाटणारी ओढ कधीकधी निव्वळ तहानही असू शकते, म्हणून आधी माठातले पाणी प्यावे आणि थोडे थांबून पाहावे. गाड्यावर लिंबू सोडा घेताना ‘फक्त मीठ, साखर नको’ असे आधीच सांगावे, कारण तयार मसाल्यातही साखर मिसळलेली असू शकते, मठ्ठ्याचेही तेच. गोड वासच हवा असेल, तर वेलची किंवा बडीशेप घालून उकळलेले पाणी गार करून भिजवलेल्या सब्जासह घ्यावे. शहाळ्याचे पाणी मात्र अगदीच बिनसाखरेचे नव्हे: 100 मिलीमागे साधारण 4 ग्रॅम कर्बोदके. कृत्रिम गोडीच्या ‘डाएट’ पेयांवर भर देऊ नये; वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशी गोडी वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सुचवले आहे. रक्तदाब असल्यास ताकातले मीठ कमी करावे, आणि मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असल्यास कर्बोदके एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.