सातमाळा टप्प्याटप्प्याने: गाडी कुठे ठेवावी आणि परत कसे यावे

नाशिक जिल्ह्यातली सप्तशृंगीपासून चांदवडपर्यंतची सातमाळा डोंगररांग दोन-दोन दिवसांच्या टप्प्यांत चालायची, एकुलती चारचाकी सप्तशृंगीच्या पायथ्याच्या नांदुरीला ठेवायची आणि धोडप किल्ल्यावरून हट्टी गावात उतरल्यावर एसटीने तिच्यापाशी परतायचे, ही तुमची योजना वाचली आणि आमचीच जुनी योजना कोणी पुन्हा मांडली आहे असे वाटले. पाणी, शिधा, वाटाड्या हे तुम्ही पाहिलेच असेल, म्हणून केवळ वाहनाविषयी लिहितो.

मार्कंड्या आणि रवळ्या-जवळ्या हे किल्ले करून धोडप गाठला की नांदुरी मागे अगदी हाताशी असल्यासारखी वाटते, पण ते अंतर डोंगरधारेवरचे असते. हट्टी रांगेच्या दक्षिणेला, चांदवड तालुक्यात आहे. तेथून नांदुरीला यायचे तर धोडंबे, वडाळीभोई, पिंपळगाव बसवंत आणि वणी असा वळसा पडतो आणि प्रत्येक ठिकाणी पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते. गाडी नांदुरीलाच ठेवायचा आग्रह असेल, तर धोडपवरून उत्तरेला ओतूरकडे (कळवणचे ओतूर, जुन्नरचे नव्हे) उतरावे, म्हणजे कळवणमार्गे नांदुरी सरळ पडते.

आम्हाला सर्वांत महाग पडले ते एसटीच्या एका चौकशी खिडकीतून मिळालेले उत्तर. निघण्याआधी मुद्दाम जाऊन विचारले, तेव्हा मान वर न करता ‘संध्याकाळची गाडी रोज आहे’ असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ती फेरी शाळकरी मुलांसाठी होती आणि दिवाळीच्या सुट्टीत ती बंद असते, हे गावातल्या किराणा दुकानदाराला ठाऊक होते, खिडकीतल्या माणसाला नव्हते. दूरध्वनी केला, तर वेळापत्रकात आहे म्हणजे गाडी येईलच, असे ऐकवण्यात आले. अखेर टोमॅटो घेऊन पिंपळगावला निघालेल्या पिकअपमध्ये क्रेटच्या बाजूला जागा मिळाली आणि तेथून नांदुरीपर्यंत, भर रात्री, मागेल ते भाडे देऊन खासगी गाडी करावी लागली. नंतर लेखी तक्रार दिली. तिची पोच मिळाली, उत्तर मात्र आजतागायत आलेले नाही. चूक कोणाचीही होऊ शकते, पण ज्या फेरीवर गावाची संध्याकाळ अवलंबून असते, ती केव्हा बंद असते याची नोंद त्या खिडकीत का नसावी, हे मला अजून समजलेले नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, खेड्यात संध्याकाळी उतरून त्याच दिवशी परतण्याचा बेत करूच नये. ज्या गावात मुक्कामी गाडी येते तेथे टप्पा संपवावा, रात्री मंदिरात किंवा शाळेच्या ओसरीवर विचारून पथारी टाकावी आणि पहाटे तीच गाडी धरावी. चालक-वाहक गावातच झोपलेले असल्याने ती सुटणार की नाही हे रात्रीच कळते. फेऱ्या बदलतात, तेव्हा जाण्याच्या आठवड्यात गावातल्याच कोणाला तरी दूरध्वनी करून खात्री करावी. दिवाळीत आणि यात्रांच्या दिवसांत गाड्या जादा वाहतुकीकडे वळवल्या जातात आणि आडबाजूच्या फेऱ्या आधी रद्द होतात, हेही लक्षात असू द्यावे.

चारचाकी न्यायचीच असेल तर ती टप्प्याच्या शेवटच्या गावात ठेवावी आणि सुरुवातीला जाण्यासाठी सकाळची एसटी किंवा आधी ठरवलेली जीप वापरावी. सकाळी गाडी चुकली तर फार तर टप्पा उशिरा सुरू होतो. संध्याकाळी चुकली तर दमलेल्या पायांनी रस्त्यावर उभे राहावे लागते. गाडी बारीत किंवा खिंडीत, निर्जन रस्त्याच्या कडेला सोडू नये. गावात कोणाच्या तरी अंगणात, परतीचा दिवस सांगून आणि आपला क्रमांक देऊन ठेवावी. मात्र खळ्यावर किंवा ट्रॅक्टरच्या वाटेवर नको, कारण हंगामात ती हलवायला तुम्ही तेथे नसता. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात नांदुरीचा विचारच सोडावा. त्या दिवसांत सप्तशृंगी गडावर खासगी वाहने सोडत नाहीत, भाविकांच्या गाड्या पायथ्यालाच थांबवल्या जातात, आणि त्या गर्दीत अडकलेली गाडी बाहेर काढणे कठीण होते.

पश्चिमेकडून पूर्वेकडे चालण्याचा तुमचा क्रम मात्र बदलू नका. राजदेहेर, इंद्राई हे किल्ले उरकून शेवटी चांदवडला उतरलात की मुंबई-आग्रा महामार्ग लागतो आणि तेथून नाशिककडे येणाऱ्या गाड्या रात्री उशिरापर्यंत मिळतात. त्या टप्प्याला चारचाकी घरीच ठेवा.